सुरीचा खटला आणि गरिबाचें अपील

शेतकऱ्याच्या घरीं विळा-कोयता असतो, जोडे शिवणाऱ्याच्या घरीं रांपी असते, नाभिकाच्या पेटींत वस्तरा असतो आणि सुताराच्या थैलींत पटाशी असते. धारेवर ज्यांचें पोट चालतें अशीं हीं आमचीं घरें. तेव्हां गांवांत बांधावरून, पाटाच्या पाण्यावरून किंवा जत्रेंतल्या मानपानावरून भांडण पेटलें आणि कोणाच्या अंगावर धारेचें हत्यार पडलें, म्हणजे पोलिसांची नजर प्रथम याच घरांकडे वळते यांत नवल नाहीं. कधीं ती नजर बरोबर असते, कधीं चुकते. परंतु बरोबर असो वा चूक असो, एकदां खालच्या कोर्टानें शिक्षा ठोठावली कीं आमचा माणूस कपाळावर हात मारून म्हणतो, "झालें, संपलें!" आज आम्हांला सांगावयाचें आहे तें हेंच कीं, तेथें कांहीं संपत नाहीं. तेथून अपील सुरू होतें, आणि अपील ही कोणाची मेहेरबानी नसून कायद्यानें दिलेला हक्क आहे. पण तो हक्क कसा चालतो हें आमच्या घरोघरीं ठाऊक नसल्यामुळें तो असून नसल्यासारखा झाला आहे.

प्रथम गुन्ह्याचें नांव पाहूं. एकाच सुरीच्या एकाच वाराला कायद्यांत निरनिराळीं नांवें आहेत. धारदार हत्यारानें साधी दुखापत केली तर तीन वर्षांपर्यंत कैद. तीच दुखापत जबर ठरली तर दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेप. आणि जीव घेण्याच्या इराद्यानें वार केला असें ठरलें तर तो खुनाचा प्रयत्न, त्यांत माणूस जखमी झाला असल्यास त्यालाहि जन्मठेपेपर्यंत शिक्षा. १८६० च्या पिनल कोडांतील हीं ३२४, ३२६ आणि ३०७ कलमें खेड्यापाड्यांतल्या लोकांनाहि तोंडपाठ झालीं होतीं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि पहिल्या दोहोंचें ११८ वें व तिसऱ्याचें १०९ वें कलम झालें. त्या तारखेपूर्वीं घडलेल्या गुन्ह्यांना मात्र जुनींच कलमें लागतात.

जखम पोटावर आहे कीं दंडावर, किती खोल आहे, हाड तुटलें कीं नुसती कातडी फाटली, भांडण ठरवून झालें कीं तेवढ्यापुरतें पेटलें, अशा गोष्टींवर तीन वर्षें कीं जन्मठेप हें ठरतें. म्हणून डॉक्टरचा दाखला हा अशा खटल्याचा कणा होय. "आमच्या पोरानें वार केलाच नाहीं" एवढें म्हणण्यासाठींच अपील असतें असा आमच्या लोकांचा समज आहे. तो अपुरा आहे. वार केला हें खरें असूनहि त्याला लावलेलें नांव चुकीचें असूं शकतें, आणि तें बदलून घेणें हेंहि अपिलाचेंच काम आहे.

याचा अर्थ कोणीं असा मात्र करूं नये कीं, "एकच वार केला, मग खून कसला?" पंजाबांतील एका खटल्यांत भाल्याचा एकच घाव पोटांत बसला होता आणि जखमी माणूस दुसऱ्या दिवशीं मेला. हाच एका घावाचा बचाव घेऊन आरोपी सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १९५८ सालीं त्याचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ति व्हिव्हियन बोस हे पूर्वीं आमच्या नागपूरच्या हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश होते. त्यांनीं सांगितलें कीं, जी जखम झाली तीच करण्याचा इरादा होता काय, आणि ती जखम सामान्यतः जीव घेण्यास पुरेशी होती काय, हें पाहावयाचें. ठार मारण्याचा हेतु निराळा सिद्ध करण्याची गरज नाहीं. तें अपील फेटाळलें गेलें. तेव्हां रागाच्या भरांत कोयता उचलणाऱ्यानें अपिलाच्या भरंवशावर हात उगारूं नये.

आतां हत्याराकडे वळूं. "आरोपीनें आपल्या घरांतून सुरी काढून दिली" असा पंचनामा अशा खटल्यांत नेहमीं दिसतो, आणि तो वाचला कीं गांवचे लोकहि म्हणतात, मग आणखी पुरावा कशाला पाहिजे? परंतु कायदा असें म्हणत नाहीं. पोलिसांपुढें दिलेला कबुलीजबाब पुराव्यांत येत नाहीं. त्यांतील जेवढ्या बोलण्यावरून एखादी गोष्ट उघडकीस आली, तेवढेंच बोलणें घेतां येतें. गुंटूर जिल्ह्यांतील एका गांवच्या दोन तटांच्या मारामारीचें अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलापर्यंत गेलें, तेव्हां ही मर्यादा पक्की झाली. तो निकाल लिहिणारे सर जॉन बोमंट हे मुंबई हायकोर्टाचे माजी मुख्य न्यायाधीश होते. त्यांनीं दाखला दिला तो सुरीचाच. घराच्या छपरांत लपवलेली सुरी काढून देतों असें आरोपी म्हणाला, तर त्यावरून एवढेंच उघड होतें कीं ती तेथें लपवलेली त्याला ठाऊक होती. "हिनेंच अमक्याला भोसकलें" हे पुढचे शब्द पुराव्यांत येत नाहींत, आणि गुन्हा त्याच सुरीनें झाला हें निराळें सिद्ध करावें लागतें. न घेण्याजोगा पुरावा वगळून उरलेला पुरतो काय हें पाहण्यासाठीं तो खटला मद्रास हायकोर्टाकडे परत पाठवण्यांत आला. २०२४ पासून लागू झालेल्या नव्या पुराव्याच्या कायद्यांतहि हीच मर्यादा कायम आहे.

आमच्या घरांच्या दृष्टीनें या मर्यादेची किंमत मोठी आहे. ज्या घरांत चार विळे आणि दोन सुऱ्या रोजच्याच, त्या घरांत सुरी सांपडली यांत विशेष तें काय? तिच्यावर रक्त होतें काय? तें माणसाचें होतें काय? पंच घरीं आले होते कीं त्यांनीं ठाण्यांत बसूनच सही ठोकली? हें विचारणारा वकील खालच्या कोर्टांतच पाहिजे. कारण अपिलाच्या कोर्टांत साक्षीदार पुन्हां उभे राहत नाहींत. तेथें न्यायाधीशांपुढें येतात ते कागद: फिर्याद, पंचनामे, डॉक्टरचा दाखला, जबान्या आणि उलटतपास. नवा पुरावा घेण्याचा अधिकार वरच्या कोर्टाला आहे, पण तो क्वचितच वापरला जातो. जें खालीं विचारलें गेलें नाहीं त्याचें उत्तर वर मिळत नाहीं. श्रीमंताचा वकील पहिल्या दिवसापासून अपिलाकडे डोळा ठेवून कागद तयार करतो, आणि गरिबाचा वकील पुष्कळदां आरोपपत्र त्याच दिवशीं हातीं पडल्यावर उभा राहतो. दोघांचें अपील एकाच हायकोर्टांत चालतें खरें, पण दोघांचे कागद सारखे नसतात.

कागद दाबला गेला म्हणजे काय होतें याचा भयंकर दाखला आमच्याच महाराष्ट्रांत आहे. जून २००३ मध्यें नाशिकजवळच्या बेलतगव्हाण येथें रात्रीं एका गरीब कुटुंबाच्या झोपडींत दरोडेखोर सुरे व इतर हत्यारें घेऊन शिरले. पांच माणसें ठार झालीं, बायकांवर अत्याचार झाला. घरधनीण आणि तिचा एक मुलगा जबर जखमी होऊन वांचलीं. पोलिसांनीं सहा जणांना धरलें. ते भटक्या जमातींतले, मोलमजुरी करून खाणारे. २००६ सालीं नाशिकच्या सेशन्स कोर्टानें सहाहि जणांना फांशी सुनावली. २००७ सालीं हायकोर्टानें तिघांची फांशी कायम केली आणि तिघांना जन्मठेप दिली. सरकार अपिलांत गेलें आणि २००९ सालीं सुप्रीम कोर्टानें पुन्हां सहाहि जणांना फांशीच दिली. तीन कोर्टें झालीं, निकाल कायम झाला, आतां दोर तेवढा बाकी होता.

पुढें सुप्रीम कोर्टानें तीं अपिलें पुन्हां ऐकण्यास घेतलीं आणि ५ मार्च २०१९ रोजीं सहाहि जणांना निर्दोष सोडलें. कां? तर त्या जखमी माउलीनें घटनेनंतर दोन दिवसांतच पोलिसांकडील गुन्हेगारांच्या फोटोंतून भलतेच चौघे ओळखले होते. त्या चौघांवर खटला झालाच नाहीं, आणि ओळख पटवल्याचा हा कागद सरकार पक्षानें कोर्टापुढें येऊं दिला नाहीं. हे आरोपी अत्यंत गरीब आणि भटक्या जमातींतले असल्यामुळें त्यांना खोटें गोंवलें असण्याचा संभव नाकारतां येत नाहीं, असें कोर्टानें स्वतःच म्हटलें. सहांपैकीं एक तर गुन्ह्याच्या वेळीं अल्पवयीन होता, असें २०१२ सालीं ठरलें होतें. प्रत्येकास पांच लाख रुपये भरपाई देण्याचा हुकूम राज्य सरकारला झाला. सोळा वर्षें तुरुंगांत गेलीं, त्यांतलीं दहा फांशीच्या छायेंत. त्याचे पांच लाख!

वाचकहो, या गोष्टीचे दोन अर्थ आहेत आणि दोन्ही नीट ध्यानांत घ्या. पहिला अर्थ असा कीं, शेवटचें अपील झालें नसतें तर सहा निरपराध माणसें फांशीं गेलीं असतीं. "गुन्हेगारांना कशाला हवींत अपिलांवर अपिलें, लटकवा आणि मोकळे व्हा" असें चावडीवर बोलणारे पुष्कळ असतात. त्यांनीं हीं सहा माणसें डोळ्यांपुढें आणावीं. दुसरा अर्थ असा कीं, त्या माउलीलाहि न्याय मिळाला नाहीं. तिचीं माणसें गेलीं, आणि तीं मारणारे कोण हें सोळा वर्षांनंतरहि कोर्टांत ठरलें नाहीं. निरपराध्याला गोंवलें कीं खरा अपराधी आपोआप सुटतो. अपिलाची बाजू घेणें म्हणजे जखमीच्या विरुद्ध जाणें, असें ज्यांना वाटतें त्यांनीं हें पाहावें.

येथें आमच्या लोकांनाहि चार शब्द कडक सांगणें भाग आहे. भाऊबंदकीच्या तंट्यांत एकानें वार केला, तर फिर्यादींत त्याचा बाप, तीन भाऊ, चुलता आणि परगांवीं नोकरीस असलेला मेहुणाहि घालावयाचा, ही आमच्या गांवांतली जुनी खोड आहे. घरांतले सगळे पुरुष आंत टाकले म्हणजे शेत पडीक राहील, दावा आपोआप जिंकूं, असा हिशेब त्यामागें असतो. मग साक्षीदारांनीं पाठ केल्यासारखी एकच जबानी द्यावयाची. अशा फिर्यादीचें वरच्या कोर्टांत काय होतें? मेहुणा त्या दिवशीं कामावर होता असा हजेरीचा कागद निघाला कीं सगळ्या साक्षीवरचा विश्वास उडूं लागतो, आणि ज्यानें खरोखर वार केला तोहि संशयाचा फायदा घेऊन घरीं येण्याचा रस्ता खुला होतो. खोटें घालून खरें बळकट होत नाहीं. ज्याला जखम झाली त्यानें पाहिलें तेवढेंच सांगावें; अंधार होता तर अंधार होता म्हणावें.

आतां ज्याच्या घरीं ही आपत्ति आली असेल त्यानें काय करावें तें सांगतों. मॅजिस्ट्रेटानें शिक्षा दिली असेल तर अपील सेशन्स कोर्टांत, आणि त्याची मुदत तीस दिवस. सेशन्स जज्जानें शिक्षा दिली असेल तर अपील हायकोर्टांत, आणि मुदत साठ दिवस. शिक्षा फांशीची असेल तर तीसच दिवस. मुदत टळली तरी सबळ कारण दाखवून माफी मागतां येते, म्हणून "आतां उशीर झाला" असें म्हणून स्वस्थ बसूं नये. कैदेची शिक्षा झाली कीं निकालाची नक्कल आरोपीला ताबडतोब आणि फुकट मिळाली पाहिजे. त्या नकलेसाठीं कोणी पैसे मागेल तर देऊं नका. तुरुंगांत असलेल्या माणसाला तुरुंगाच्या अधिकाऱ्यामार्फतच अपील पाठवतां येतें. त्यासाठीं घरच्यांनीं मुंबईला खेपा घालण्याची गरज नाहीं. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठीं तर ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचें सर्किट बेंच कोल्हापुरांतच बसूं लागलें आहे.

वकिलासाठीं पैसे नाहींत म्हणून कोणीं बैल किंवा जमीन विकूं नये. १९८७ च्या विधिसेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणें कोठडींत किंवा तुरुंगांत असलेला मनुष्य, स्त्री, अनुसूचित जाती-जमातींतील मनुष्य यांना मिळकत किती हें न पाहतां फुकट वकील मिळतो. इतर गरिबांनाहि मिळकतीच्या मर्यादेंत मिळतो. तालुक्याच्या कोर्टांत विधिसेवा समिति असते, तेथें साधा अर्ज पुरतो. १९७८ सालीं महाराष्ट्रांतील एका खटल्यांत न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं स्पष्ट लिहिलें कीं, निकालाची नक्कल वेळेवर मिळणें आणि अपिलासाठीं वकील मिळणें हा न्यायाचाच भाग आहे. त्या खटल्यांतला आरोपी विद्यापीठांत शिकवणारा होता. निकालाची नक्कल हातीं न आल्यामुळें त्याचें अपील कित्येक वर्षें लांबलें, असें त्याचें म्हणणें होतें. त्याची शिक्षा कायम राहिली ती गोष्ट वेगळी. पण शिकलेल्याची ही गत, तर अंगठा उठवणाऱ्यानें काय करावें?

जामिनाचीहि गोष्ट ध्यानांत ठेवा. शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असून आरोपी आधीं जामिनावर असेल, तर ज्या कोर्टानें शिक्षा दिली तेंच अपील दाखल करण्यापुरता जामीन देऊं शकतें. शिक्षा मोठी असेल तर अपिलाच्या कोर्टाकडे शिक्षा तहकूब करण्याचा अर्ज करावा लागतो. अपील लवकर ऐकतां येत नसेल, तर तोंपर्यंत माणसाला आंत ठेवणें योग्य नाहीं, असें सुप्रीम कोर्टानें १९७७ सालीं सांगितलें आहे. कारण पुढें तो निर्दोष ठरला तर गेलेलीं वर्षें त्याला परत कोण देणार? आणि जखमीच्या घरानें हें जाणावें कीं, ३१ डिसेंबर २००९ पासून त्यांनाहि अपिलाचा हक्क मिळाला आहे. आरोपी सुटला, हलकें कलम लागलें किंवा भरपाई अपुरी मिळाली, तर सरकार गप्प राहिलें तरी त्यांना स्वतः वर जातां येतें.

सरकारापुढें आमचें मागणें तिहेरी आहे. तपासांत मिळालेला प्रत्येक कागद, आरोपीला फायद्याचा असला तरी, कोर्टापुढें आला पाहिजे. सरकार पक्ष ज्यांवर भिस्त ठेवीत नाहीं अशा कागदांची यादीहि आरोपीला द्यावी असें सुप्रीम कोर्टानें २०२१ सालीं सांगितलें आहे. ती प्रत्येक तालुक्यांत खरोखर दिली जाते काय हें पाहण्याची जबाबदारी कोणावर तरी टाका. दुसरें मागणें असें कीं, फुकट दिलेला वकील नांवाचा नसावा. त्याला योग्य मेहनताना द्या, आणि त्यानें साक्षी सुरू होण्यापूर्वीं आरोपीला भेटलें पाहिजे असा नियम पाळा. तिसरें मागणें भाषेचें. खालच्या कोर्टांची भाषा मराठी ठरलेली असली तरी हायकोर्टाचा कारभार इंग्रजींत चालतो. आपल्याला जन्मठेप कां झाली हें ज्याला वाचतां येत नाहीं, त्याला तो निकाल मराठींत लिहून दिलाच पाहिजे. कैद त्याला भोगावयाची आहे, तर तिचीं कारणें त्याला समजणाऱ्या भाषेंत नकोत काय?

बांधवांनो आणि भगिनींनो, भांडणाच्या वेळीं कोयता खुंटीवरच राहूं द्या, कारण त्याचा एक वार तीन कोर्टें आणि दोन घरें खातो. तरीहि प्रसंग आलाच, तर फिर्यादीची नक्कल, डॉक्टरचा दाखला आणि निकालाची नक्कल हीं जमिनीच्या सात-बाराइतकींच जपून ठेवा. शिक्षेच्या दिवसापासून दिवस मोजा. आणि शेजाऱ्याच्या घरीं असा प्रसंग आला, तर "त्यानें केलें, त्यानें भोगावें" असें म्हणून पाठ फिरवूं नका. त्याला तालुक्याच्या विधिसेवा समितीचें दार दाखवा. तो अपराधी असेल तर वरचें कोर्ट तसें म्हणेल, आणि नसेल तर त्याचीं सोळा वर्षें वांचतील.